धाकटीचं पोट आणि सासूबाईंचे गुडघे बघून नकाशा काढा

पत्र:

आम्ही नाशिकला राहतो. मी, माझे मिस्टर, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. २०२७ च्या मे महिन्यात ग्रीसला जायचं ठरतंय. मिस्टरांना तिथे स्वतः गाडी चालवायची आहे, परदेशात पहिल्यांदाच. त्यांनी बारा दिवसांचा तक्ता केलाय: अथेन्स, मेटेओरा, डेल्फी, ऑलिंपिया, मानी, नाफ्प्लिओ आणि शेवटी गाडी बोटीत घालून सँटोरिनी. जवळजवळ रोज नवं हॉटेल. धाकटीला गाडी लागते, इतकी की कसारा घाटात पिशवी हातात धरूनच बसावं लागतं. सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. थोरल्याला ग्रीक देवांच्या गोष्टींचं वेड लागलंय. मी काही बोलायला गेले की मिस्टर म्हणतात, ‘एवढा खर्च करून जायचं तर सगळं बघून घेऊ.’ मला ही सहल हवी आहे हो, पण तो तक्ता बघितला की पोटात गोळा येतो. काय करू?

– एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, पोटात गोळा येतोय तो योग्यच येतोय. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य कसारा घाटाचं आहे. नकाशा तिथूनच काढायला घ्या.

मी ग्रीसच्या दक्षिणेचा पेलोपोनीज हा भाग दोनदा गाडीने फिरले आहे. एकदा मुलं लहान असताना, एकदा आईला घेऊन. पहिल्या खेपेला आमच्याकडेही तुमच्यासारखाच भरगच्च तक्ता होता. कालामाता शहरापासून कार्दामिली नावाच्या गावापर्यंतचं अंतर जेमतेम पस्तीस किलोमीटर. चाळीस मिनिटांत पोचू, मग मुलांना समुद्रात सोडू, असा हिशोब. रस्ता टायगेटोस डोंगराच्या अंगावरून वळणं घेत चढतो आणि मग तितकीच वळणं घेत उतरतो. माझ्या मुलाला तीनदा उलटी झाली. तिसऱ्यांदा एका वळणावर, छोट्या चर्चपाशी थांबलो. समोरच्या घरातून काळ्या कपड्यातली एक आजी बाहेर आली. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. तिने झाडावरून लिंबाचं पान तोडलं, तळहातावर चुरगाळलं आणि पोराच्या नाकाशी धरलं. माझी आजी हेच करायची. पोरगा शांत झाला, पण त्या दिवशी पुढे गाडीत बसायला तयार होईना. आम्ही दीड तास त्या आजीच्या ओट्यावर बसून होतो, आणि आज मुलांना विचारलं तर त्या प्रवासातलं त्यांना तेच पहिलं आठवतं.

म्हणून सांगते, ग्रीसमध्ये किलोमीटर मोजू नका, वळणं मोजा. देश डोंगराळ आहे. महामार्ग उत्तम आहेत, पण महामार्ग सोडला की तासाला चाळीस किलोमीटर झाले तरी खूप झाले म्हणायचं. मिस्टरांचा तक्ता या फूटपट्टीने मोजून बघा. मेटेओरा अथेन्सच्या उत्तरेला साडेतीनशे किलोमीटरवर आहे आणि बाकीची बहुतेक ठिकाणं दक्षिणेला. सँटोरिनीला अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोटीने जाताना पाच ते आठ तास लागतात, आणि भाड्याची गाडी बोटीवर चढवायची तर गाडी देणाऱ्या कंपनीची लेखी परवानगी लागते. तीच गोष्ट मानी या दक्षिण टोकाच्या डोंगराळ भागाची. मी वर सांगितलेला रस्ता मानीकडेच जातो. तुमच्या लेकीसाठी या खेपेला तो नकोच.

माझं सांगणं असं: फक्त पेलोपोनीज करा, आणि सगळे मिळून पाच मुक्काम ठेवा. अथेन्सला दोन रात्री, नाफ्प्लिओला चार, पश्चिम किनाऱ्यावर पिलोसजवळ यालोवाला तीन, ऑलिंपियाला एक आणि परतीच्या वाटेवर उत्तर किनाऱ्यावरच्या दियाकोफ्तोला एक. अकरा रात्री झाल्या. एकूण धावणं साधारण हजार किलोमीटर. त्यातला लांबचा प्रवास पाचच दिवस, बाकीचे दिवस अर्ध्या-पाऊण तासाच्या फेऱ्या. कपडे धुवून दोरीवर वाळत घालता येतील, सासूबाईंची सकाळची पूजा एका जागी होईल आणि मुलांना ‘आपलं घर’ म्हणायला काहीतरी राहील.

आता तारखा. हे आधी बघा, कारण २०२७ मध्ये इथे मोठी गोची आहे. ग्रीस ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती देश आहे, त्यांचा ईस्टर आपल्याकडच्या कॅलेंडरात छापलेल्या ईस्टरच्या दिवशी येईलच असं नाही. २०२७ मध्ये तो २ मे रोजी, रविवारी आहे. १ मे आणि ईस्टरचा रविवार या दोन्ही दिवशी सरकारी पुरातत्त्वस्थळं बंद असतात, म्हणजे लागोपाठ दोन दिवस सगळं कुलूपबंद असण्याची शक्यता. शिवाय ईस्टरला अख्खं अथेन्स आपापल्या गावी जातं. आपल्याकडे गणपतीत मुंबईचा चाकरमानी कोकणात निघतो ना, तसं. जाताना आणि येताना महामार्ग तुंबलेले असतात. तेव्हा पाच-सहा मेच्या आधी पोचूच नका. त्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे सोनं. ऊन आहे पण भाजत नाही, डोंगर अजून हिरवे असतात, जुलै-ऑगस्टची गर्दी नसते. त्या दोन महिन्यांत उन्हाचा इतका कडाका होतो की गेल्या काही वर्षांत अथेन्सच्या टेकडीवरचं प्राचीन अक्रोपोलिससुद्धा दुपारी बंद ठेवावं लागलं आहे. मेमध्ये समुद्राचं पाणी मात्र गार असतं. मोठी माणसं पाय बुडवून परत येतात, मुलं तरीही उतरतात, म्हणून टॉवेल जास्तीचे घ्या.

अथेन्समध्ये गाडी घेऊच नका. विमानतळावरून मेट्रोने चाळीसेक मिनिटांत शहराच्या मध्यात पोचता येतं. दोन दिवस चालत आणि मेट्रोने फिरा. उन्हाळ्यात ग्रीसचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, त्यामुळे मुलं पहाटे पाचलाच टक्क जागी होतील. त्याचा फायदा घ्या आणि आठ वाजता दार उघडताना अक्रोपोलिसवर हजर राहा. तिकिटावर वेळ ठरलेली असते, ती सकाळचीच घ्या. वरचा संगमरवर हजारो पावलांनी गुळगुळीत झालाय, सासूबाईंना तिथे चढवण्याचा हट्ट धरू नका. पायथ्याशी २००९ मध्ये उघडलेलं अक्रोपोलिस संग्रहालय आहे. लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, आणि काचेच्या जमिनीखाली उकरलेली जुनी वस्ती दिसते. माझी आई तिथे तीन तास रमली होती.

तिसऱ्या दिवशी मेट्रोने परत विमानतळावर जा आणि गाडी तिथून घ्या. तिथून अथेन्सला वळसा घालून जाणारा द्रुतगती मार्ग थेट कोरिंथच्या दिशेला लागतो, शहराच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. नाफ्प्लिओ साधारण एकशे पासष्ट किलोमीटर, दोन तास. मध्ये कोरिंथचा कालवा लागतो, तिथे थांबायचंच. १८९३ मध्ये खुला झालेला हा कालवा सहा किलोमीटरहून थोडा जास्त लांब आणि पाण्यापाशी पंचवीस मीटरसुद्धा रुंद नाही. दोन्ही बाजूंना खडकाच्या सरळसोट भिंती. बहुतेक लोक वरच्या पुलावरून फोटो काढून निघून जातात. मुलांना घेऊन तुम्ही पूर्वेच्या टोकाला, इस्थमिया गावात उतरा. तिथला पूल जहाज आलं की वर उचलला जात नाही, तो पाण्यात बुडतो. जहाज गेलं की पाणी निथळत वर येतो आणि गाड्या परत सुरू होतात. जहाज यायचं असेल तर तासभर थांबावं लागलं तरी थांबा.

गाडीबद्दल बोलायचं तर एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला ती सगळ्यात आधी जाणवली. गाडी फक्त मिस्टर चालवणार असं तुम्ही गृहीत धरलंय. तुम्हाला गाडी येत असेल तर तुम्हीही आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. व्हिसा झाला की दोघांचे अर्ज आरटीओत एकदमच करा. हजार रुपये शुल्क, एक वर्षाची मुदत, आणि मूळ परवाना सोबत असल्याशिवाय त्याला किंमत नाही. दुसऱ्या चालकाचं नाव करारावर चढवून घ्या, नाहीतर अपघात झाल्यास विमा हात वर करतो. एकाच माणसाने बारा दिवस चाक धरलं तर त्याला देश दिसतच नाही, त्याला फक्त पुढची गाडी दिसते. आणि मागच्या सीटवर लेकीजवळ पिशवी धरून बसायची पाळी बाबांवरही यायला हवी. घाटात तासभर ती पिशवी धरली की तक्त्यातली दोन गावं आपोआप कमी होतात, हे मी आमच्या घरात बघितलंय.

गाडी ऑटोमॅटिकच घ्या आणि लवकर आरक्षित करा. तिथे साध्या गिअरच्या गाड्या जास्त, ऑटोमॅटिक थोड्या आणि महाग. पण स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला आणि वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने, एवढं सगळं एकदम बदलत असताना क्लच तरी डोक्यातून गेलेला बरा. पाच माणसांना पाच सीटची गाडी पुरेल असं कागदावर वाटतं. युरोपीय संघात १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची बालआसन व्यवस्था सक्तीची आहे, मांडीवर घेणं चालत नाही. लेकीची सीट बसवल्यावर मागे अजून दोघांना टेकायला जागा उरते का ते बघा. मी तुमच्या जागी सात सीटची गाडी घेईन आणि मागची रांग पाडून तिथे सामान ठेवीन. मुलांची उंची आत्ताच मोजून ठेवा. गाडीचे पैसे अडकवून ठेवायला मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, ते विसरलं तर चावी मिळत नाही. विमा घेताना टायर, काचा आणि गाडीचा तळ त्यात धरलाय का, हे विचारून घ्या, कारण नुकसान नेमकं तिथेच होतं.

मिस्टरांसाठी चालवण्याची एक खूण सांगते, ती कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा: चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असतो. आपल्याकडेही तसंच असतं, तिथेही तसंच. चूक गर्दीत होत नाही, पुढच्याच्या मागे जायचं असतं. चूक होते रिकाम्या रस्त्यावर, सकाळी पंपावरून बाहेर पडताना. पहिले दोन दिवस शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर तोंडाने ‘उजवीकडे’ म्हणायचं. आम्ही म्हणायचो, नंतर मुलंच ओरडायला लागली.

दुपदरी रस्त्यावर ग्रीक लोक गाडीची अर्धी चाकं कडेच्या पट्ट्यावर घालून चालवतात आणि मागच्याला पुढे जायला वाट देतात. तुमच्याकडूनही तीच अपेक्षा असते. मागून दिवे चमकवले तर त्याचा अर्थ ‘मी येतोय’. जाऊ द्या त्याला. आणि गावात शिरल्यावर फोनवरच्या नकाशाचं ऐकू नका. तो जवळचा रस्ता म्हणून अशा गल्लीत घालतो की दोन्ही आरसे मिटावे लागतात आणि समोरून गाढव आलं तर मागे घ्यावी लागते. गावाबाहेर गाडी लावा, चालत आत जा.

पंपावर आपल्यासारखेच माणसं भरून देतात. पण तिथे ‘पेट्रोल’ हा शब्द तोंडातून काढू नका. ग्रीकमध्ये ‘पेट्रेलेओ’ म्हणजे डिझेल. पेट्रोलला ‘वेंझिनी’ म्हणतात. आमच्या गाडीत पंपावरचा मुलगा डिझेलची नळी घालतच होता, झाकणावरची पाटी वाचून तोच थांबला. खेड्यातले पंप रात्री आणि रविवारी बंद असू शकतात, म्हणून टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या. टोलनाके बरेच लागतात, कार्ड चालतं, तरी सुटे युरो हाताशी ठेवा. काही झालं तर ११२ हा आकडा मुलांनाही पाठ करून द्या.

रस्त्याच्या कडेला, खास करून वळणांवर, खांबावर बसवलेली चिमुकली चर्चं दिसतील. आत तेलाचा दिवा आणि संताचं चित्र. मुलं विचारतीलच. कुणाचा तिथे अपघातात जीव गेला किंवा कुणी तिथे थोडक्यात वाचलं, त्याच्या घरच्यांनी ती बसवलेली असतात. खरं काय ते मुलांना सांगा. आमच्या मुलीने ऐकून घेतलं आणि मग पुढच्या प्रत्येक वळणावर बाबांना ‘हळू’ म्हणायला लागली.

लेकीच्या गाडी लागण्याबद्दल. तुमच्या डॉक्टरांकडून औषध आणि मात्रा आधी लिहून घ्या आणि एकदा नाशिकमध्येच देऊन बघा, झोप येते की चिडचिड होते ते कळेल. तिची सीट अशी बसवा की तिला पुढची काच दिसेल. गाडीत पुस्तक आणि मोबाइल बंद. त्याऐवजी थोरल्याला एक काम द्या: रोज सकाळी, त्या दिवशी जे ठिकाण बघायचं त्याची गोष्ट त्याने बहिणीला आणि आजीला सांगायची. लांबचा प्रवास हलका नाश्ता करून सकाळीच उरका, दर तासाला थांबा. नाफ्प्लिओहून यालोवाला जाताना सव्वादोनशेच्या आत किलोमीटर आहेत, पण बहुतेक महामार्ग आहे. आवळा सुपारी आणि आल्याच्या वड्या पर्समध्ये, लिंबं तर तिथे प्रत्येक कुंपणात आहेत.

नाफ्प्लिओ स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी, १८३४ पर्यंत. जुन्या गावात गाड्यांना मज्जाव, बंदरापाशी मोठा वाहनतळ आहे. डोक्यावर पालामिदीचा किल्ला, व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ मध्ये बांधलेला. गावातले लोक म्हणतात नऊशे नव्व्याण्णव पायऱ्या. रामशेज चढलेल्या तुमच्या मुलांना तो चढू द्या, थोरला मोजेलच. सासूबाईंसाठी मागच्या बाजूने दारापर्यंत गाडीरस्ता आहे, म्हणजे वर सगळे भेटाल.

तिथून अर्ध्या तासावर मायसीनी या प्राचीन नगरीचे अवशेष. सिंहद्वार, इसवी सन पूर्व तेराव्या शतकातलं. सावलीचं नाव नाही, म्हणून आठच्या ठोक्याला. खालच्या अंगाला आत्रेउसचा खजिना म्हणून ओळखली जाणारी घुमटाची कबर आहे, ती मुलांना जास्त आवडते: आत गार, अंधार, आणि बोललेलं घुमतं. दुसऱ्या बाजूला एपिदाव्रोसचं नाट्यगृह, इसवी सन पूर्व चौथ्या शतकातलं, पंचावन्न रांगांचं. मार्गदर्शक सांगतात की काडी ओढल्याचा आवाजही वर ऐकू येतो. आम्हाला तो सर्वांत वर नाही आला. पण आई खाली मधल्या दगडापाशी उभी राहून, आपल्या रोजच्या आवाजात, ‘टोपी घाल रे’ म्हणाली, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्या मुलाने टोपी घातली. गुडघ्यांमुळे ती वर चढली नव्हती. त्या नाट्यगृहात तिची जागा खाली मधोमध होती आणि ती अतिशय खुशीत होती.

यालोवाचा समुद्र संथ आणि उथळ, बरंच आत गेलं तरी पाणी मुलांच्या कमरेला. खडकाळ भागात सी अर्चिन नावाचे गोल काटेरी प्राणी असतात, म्हणून रबरी चपला हव्यात. जवळच वोइदोकिलिया हा जवळजवळ पूर्ण गोलाकार किनारा आणि त्याच्या पाठीमागे खाजण. त्या खाजणात आफ्रिकी जातीचा रंग बदलणारा सरडा राहतो, रस्त्यावर त्याच्यासाठी गाडी हळू चालवा अशा पाट्या आहेत. ट्रोजन युद्धातल्या म्हाताऱ्या नेस्टर राजाचा म्हणून ओळखला जाणारा वाडाही इथेच. वर मोठं छप्पर, चालायला उंचावरचे मार्ग, म्हणजे सासूबाईंना सावली. आत मातीचं रंगवलेलं न्हाणीचं टब जागच्या जागी आहे, तीन हजारांहून जास्त वर्षांचं. थोरल्याला ते दाखवा. युद्धं करणारी माणसं अंघोळही करायची, हे मुलांना फार पटतं. तिथून ऑलिंपियाला जाताना किपारिसियाचा आखात लागतो. वेळासला येतात तशी इथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात, पण त्यांचा हंगाम मेअखेरीला सुरू होतो, तुम्हाला बहुधा रिकामी वाळूच मिळेल.

ऑलिंपियात बाकी सगळं मुलांनी बघितलं नाही तरी चालेल, स्टेडियम चुकवू नका. कमानीखालून आत गेलं की मातीचं लांब मैदान आहे, आणि सुरुवातीच्या रेषेला दगडी पट्टी. तिच्यावर दोन समांतर खाचा आहेत, धावपटूंनी पायाची बोटं रोवायला. मुलांना तिथे बोटं टेकवून उभं करा. धाव १९२ मीटरची. माझी मुलगी निम्म्यात थांबली, एका जपानी आजोबांनी तिच्याबरोबर उरलेली धाव चालत पुरी केली. धाकटीला गाडीत बसून बसून आलेला वैताग तिथे निघून जाईल.

शेवटच्या मुक्कामाला दियाकोफ्तो म्हटलं ते दातेरी रुळाच्या छोट्या आगगाडीसाठी. १८९६ पासूनची, बावीस किलोमीटर, वूराइकोस नदीच्या घळीतून कालाव्रिताला चढते. चढ फार झाला की रुळांमधल्या दात्यांत चाक अडकवून वर जाते. तिकिटं आधी काढून ठेवा. तेवढा वेळ गाडी कुणीच चालवायची नाही, दोघांनीही खिडकी धरून बसायचं.

मिस्टरांना काय सांगायचं? वाद घालू नका. दोघं मिळून बसा, त्यांच्या तक्त्यातल्या प्रत्येक दिवसापुढे ‘गाडीत किती तास’ एवढंच लिहा आणि तीन तासांवरच्या दिवसांना लाल खूण करा. मग त्यांना विचारा, यातली कुठली एक जागा तुम्हाला सोडवत नाही? डेल्फी म्हणाले तर यालोवाची एक रात्र कमी करा, दियाकोफ्तोऐवजी ऑलिंपियाहून रिओ-अंतिरिओचा पूल ओलांडून तिकडे दोन रात्री मुक्काम करा. २००४ मध्ये झालेला तो पूल बघण्यासारखाच आहे. मेटेओरा आणि सँटोरिनी पुन्हा केव्हातरी, मुलं मोठी झाल्यावर. खर्च वसूल होण्याची त्यांची काळजी खरी आहे, तिला हसू नका. पण उलटी झालेल्या पोराला घेऊन बघितलेलं देऊळ वसूल होत नाही, हे तुम्ही दोघंही कसाऱ्यात शिकला आहात.

व्हिसाचं थोडक्यात: अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा. तोवर रद्द करता येतील अशीच हॉटेलं घ्या. मुलांचे पासपोर्ट स्थळांच्या दारात बरोबर असू द्या, तिकिटाची सवलत वयावर मिळते.

राहिलं खाणं. सासूबाईंची काळजी करू नका, ग्रीस शाकाहाऱ्याला उपाशी ठेवत नाही. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपासाचे दिवस खूप असतात आणि उपासाच्या जेवणाला ‘निस्तिसिमा’ म्हणतात. त्यात मांस नाही, दूध-अंडंही नाही. मात्र कालवं, कोळंबी त्यांच्या उपासाला चालते, म्हणून तेवढं विचारून घ्यायचं. ‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय, ‘होरिस प्सारी’ म्हणजे माशाशिवाय, ही दोन वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून सासूबाईंच्याच पर्समध्ये ठेवा. पिवळ्या डाळीचं घट्ट ‘फावा’ आपल्या गोळ्या वरणाच्या जवळचं, त्यावर लिंबू पिळून द्या. भात भरलेले टोमॅटो म्हणजे ‘येमिस्ता’, पण खिमा नाही ना ते विचारून. मोठ्या पांढऱ्या पावट्यांची ‘यिगांतेस’, पालकाची ‘स्पानाकोपिता’, दही-मध, आणि तांदळाची खीर, ‘रिझोगालो’. धाकटी निदान खिरीवर तरी जगेल. तिथे रात्रीचं जेवण नऊला सुरू होतं, दुपारी तीन ते साडेपाच दुकानं आणि गल्ल्या झोपलेल्या असतात. मुलांना साडेसहाला खायला घाला, बेकऱ्या उघड्या असतात. न्हाणीघरात पाण्याची नळी बहुधा नसते, एक प्लास्टिकचा तांब्या बॅगेत टाकाच. आणि संडासात कागद टाकायचा नसतो, शेजारच्या टोपलीत टाकायचा. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

बॅगेत भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे भरा. तूप, पेढे, बर्फी, दुधाची भुकटी युरोपीय संघात न्यायला बंदी आहे, सासूबाई हळूच डबा सरकवतील, तो काढून ठेवा. आंब्यासारख्या बहुतेक ताज्या फळांनाही प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही आणि तुम्ही निघणार ऐन मेमध्ये. तेव्हा हापूसची पेटी आदल्या रात्रीपर्यंत घरीच संपवा, सगळ्यांनी मिळून.